काचेची बरणी आणि स्टीलचा डबा

कॉम्प्युटरमधल्या फायली कशा सांभाळाव्यात हे आपल्याइतकं सोपं करून शिरगावातच काय, पार विठ्ठलवाडीपर्यंत कोणी सांगू शकणार नाही, याबद्दल प्राचीला शंका नव्हती. उल्हासनगरच्या कॉलेजातून तिने कॉम्प्युटरची बीएस्सी केली होती, मुलगी वैदेही व्हायच्या आधी अंबरनाथच्या एका कंपनीत ती हेच काम करत होती, आणि बाकी कशाबद्दल नसला तरी या एका विषयाबद्दल तिला आत्मविश्वास होता. बाकी कशाबद्दल म्हणजे खरोखरच कशाबद्दल नव्हता. वैदेही शिंकली की प्राचीला न्यूमोनिया दिसायचा, आणि वैदेही बराच वेळ शिंकली नाही की तिला वाटायचं, नाक चोंदलं की काय!

तर झालं असं, की त्यांच्या सोसायटीच्या महिला मंडळाला कुठल्याशा कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर दान केले. दान म्हणजे त्यांना भंगारवाल्याकडे न्यायचा कंटाळा आला होता. विंडोज सुरू करायला सांगितलं की ते कॉम्प्युटर दम्याच्या पेशंटसारखे धापा टाकायचे. प्राचीच्या नवऱ्याने, म्हणजे दिपेशने, एका रविवारी बसून त्या सगळ्यांवर लिनक्स टाकून दिलं. लिनक्स फुकट असतं, हलकं असतं आणि म्हाताऱ्या मशीनला झेपतं. मंडळातल्या कोणी मसाले करत, कोणी साड्या विकत, कोणी केकच्या ऑर्डरी घेत. त्या सगळ्यांचे फोटो आणि बिलं आता या कॉम्प्युटरांत राहणार होती. फक्त एक ठरायचं होतं, बायकांना फायली हाताळायला शिकवायचं ते कुठल्या पद्धतीने?

आणि इथेच घरात दोन पक्ष पडले.

प्राचीचा पक्ष खिडकीवाल्या फाईल मॅनेजरचा. पिवळी फोल्डरं, फोटोंची छोटी छोटी चित्रं, माऊसने उचला आणि तिकडे टाका. दिपेशचा पक्ष टर्मिनलचा. काळा पडदा, त्यावर नुसती नावं, चित्र औषधालाही नाही, आणि सगळा कारभार कीबोर्डावर. दिपेशच्या मते माऊस म्हणजे पांगुळगाडा. चालायला येईपर्यंत ठीक, जन्मभर कोण त्यात बसतं? प्राचीच्या मते टर्मिनल म्हणजे दिवे गेल्यावर स्वयंपाकघरात जिरं शोधणं.

"हे बघ," ती त्याला म्हणाली होती, "माझं म्हणजे काचेची बरणी. आत काय आहे ते लांबून दिसतं. तुझं म्हणजे स्टीलचा डबा. आत काय आहे ते फक्त ज्याने भरलं त्याला ठाऊक."

"डब्यावर लेबल असतं की."

"लेबल कोण वाचतं?"

हे वाक्य प्राचीला पुढे फार आठवलं. पण त्या वेळी ते तिला इतकं आवडलं होतं की भाषणात घालायचं म्हणून तिने मनात खूणगाठ बांधली.

भाषण म्हणजे मंडळाच्या हळदीकुंकवातलं. मंडळाच्या अध्यक्षा भागीरथी मॅडम, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मराठीच्या बाई. त्यांनी ठरवलं की यंदा उखाण्यांऐवजी काहीतरी उपयोगाचं ठेवायचं. दोन्ही पद्धती टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवायच्या, आणि मग बायकांनी हात वर करून निवड करायची. दिपेश काही हळदीकुंकवाला येणार नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजू प्राचीनेच मांडायच्या होत्या. स्वतःचा वकील तीच आणि समोरच्याचाही तीच. असा खटला हरायचा म्हटलं तरी कसा हरणार?

या सगळ्याचा सर्वांत जास्त आनंद झाला होता तो तुळशीबाईंना. तुळशीबाई म्हणजे दिपेशची आई. राहायच्या जांभूळला, जुन्या घरात. पण सोमवारपासून प्राची पुन्हा कामावर जाणार होती म्हणून त्या वैदेहीला सांभाळायला शिरगावला येऊन राहिल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत. मराठी छापलेलं वाचायच्या, इंग्रजी अक्षरांना हात जोडायच्या. आपली सून टीव्हीवर बोलणार, असं त्यांनी भाजीवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं आणि जांभूळच्या साऱ्या जावांना फोन करून सांगितलं. टीव्हीवर म्हणजे टीव्हीला वायर जोडून, हे प्राचीने दोनदा समजावलं. तुळशीबाई म्हणाल्या, "टीवीवरच ना? मंग."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी प्राचीने कोणालाच सांगितली नव्हती.

तुळशीबाईंच्या हाती वैदेहीला सोपवायचं हे प्राचीला मुळीच नको होतं. बाई मायाळू होत्या, प्रश्नच नाही. पण माया आणि जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं प्राचीचं म्हणणं. तुळशीबाई बोट पदराला पुसायच्या आणि त्याच बोटाने वैदेहीला तूप चाटवायच्या. वाटी धुवायच्या, पण उकळायच्या नाहीत. काजळ घालायच्या आणि गालाला एवढी मोठी तीट लावायच्या की लांबून वाटावं, पोरीला माशी बसलीय. प्राचीला अंबरनाथचं पाळणाघर हवं होतं, कंपनीच्या जवळचं. दिपेशला आई हवी होती. मग प्राचीने ठरवलं, वाद घालायचा नाही, पुरावा गोळा करायचा. दाराआडून, पडद्याआडून, कधी उगाच फोनवर बोलण्याचं नाटक करून ती फोटो काढत गेली. बारशाच्या फोटोग्राफरने काढले नसतील इतके.

फोटो लॅपटॉपमध्ये गेले. लॅपटॉप उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारातून घेतलेला, जुना, पण बिचारा गुणी; त्यावरही दिपेशने लिनक्सच टाकलेलं. प्राची मुळातच व्यवस्थित बाई. तिने प्रत्येक फोटोला नाव दिलं, म्हणजे पुढे दिपेशसमोर मांडताना घोटाळा नको. नावं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, मेसेजमध्ये आपण सगळेच लिहितो तशी. ही तिची हुशारी. तुळशीबाईंनी चुकून पडदा पाहिला तरी त्यांना काय कळणार? आणि त्यावर आणखी हुशारी म्हणजे फोल्डरच्या नावापुढे तिने एक टिंब ठोकलं. लिनक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की फोल्डर दिसेनासं होतं. दृष्ट लागू नये म्हणून पोरीच्या गालाला टिंब लावणाऱ्या सासूला हसणारी प्राची, आपल्या फोल्डराला मात्र न चुकता तीट लावत होती.

पुढे पाळणाघराने जागा नाही म्हणून कळवलं. पुरावा वाया गेला. सोमवारपासून वैदेहीला सांभाळायला तुळशीबाईंशिवाय जगात कोणी नव्हतं, आणि कंपनीने रुजू व्हायला हा शेवटचा सोमवार, असं स्वच्छ सांगितलं होतं. त्या फोल्डरचं आता खरं तर काहीच काम नव्हतं. पण मेहनतीने जमवलेला पुरावा असा फेकवत नाही. राहू दे, दिसतंय कुणाला, असं म्हणून प्राचीने तो तसाच ठेवला.

शनिवारी दुपारी सोसायटीचा हॉल भरला. काळ्या साड्या, अत्तर, गुलाबपाणी. पहिल्या रांगेत मधोमध तुळशीबाई, नऊवारी नेसून, मांडीवर वैदेही. शेजारी समोरच्या विंगेतली मीनल, जिला प्रत्येक गोष्टीत पुढचं विचारायची सवय. टीव्हीला जोडलेल्या प्राचीच्या लॅपटॉपसमोर, माऊस धरून, खुद्द भागीरथी मॅडम, कारण त्यांचं म्हणणं, विद्यार्थ्याने हाताने करून पाहावं. डबल क्लिक त्या आदल्याच आठवड्यात शिकल्या होत्या, आणि नव्या शिकलेल्या माणसासारख्या दिसेल त्यावर डबल क्लिक करत होत्या.

प्राची छान बोलली. काचेची बरणी झाली. स्टीलचा डबा झाला. "आणि लेबल कोण वाचतं?" या वाक्याला अपेक्षेप्रमाणे हशा आला. तुळशीबाईंनी मागे वळून पाहिलं, हसत नाही असं कोणी राहिलं आहे का ते बघायला. प्राचीने मुद्दाम आणलेले फुलांचे फोटो उघडून दाखवले, गुलाब उचलून जास्वंदीच्या फोल्डरात टाकून दाखवला. सगळ्या माना डोलवत होत्या. खटला तिथेच थांबला असता तर प्राची आजही शिरगावात मान वर करून चालली असती.

पण मीनलने हात वर केला. तिने विचारलं, की कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे, मग एखादीला आपलं काही झाकून ठेवायचं असेल तर? समजा नवीन घेतलेल्या साडीचा फोटो, जो घरात एवढ्यात कळायला नको आहे?

हॉलमध्ये एकदम कान टवकारले गेले. इतक्या वेळात हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

आणि प्राचीला चेव आला. तिने मॅडमना फोटोंच्या मुख्य फोल्डरमध्ये न्यायला लावलं, तिथे 'साडी' नावाचं नवं फोल्डर करायला लावलं, मग नावापुढे एक टिंब द्यायला लावलं. साडी गायब! बायकांनी टाळ्या वाजवल्या. जादूगाराने टोपीतला ससा नाहीसा केल्यावर वाजवतात तशा. 

"गेली ती गेलीच की काय?" कोणीतरी मागून विचारलं.

"छे," प्राची म्हणाली. "मॅडम, ते कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि एच दाबा. झाकलेलं सगळं परत दिसेल."

सगळं, हा शब्द तोंडातून निघाला आणि मग तिला कळला. पण मॅडमचं बोट एचवर पोचलं होतं.

साडी परत आली. आणि साडीच्या शेजारी, अंग चोरून उभं असल्यासारखं, एक दुसरं फोल्डर आलं. त्याचं नाव टिंब आई.

"आई म्हणजे तुझ्या सासूबाई ना गं?" मीनलने विचारलं. प्राचीने तोंड उघडलं. काय बोलायचं हे ठरायच्या आत मॅडमनी त्यावर डबल क्लिक केलं होतं.

टीव्हीचा पडदा तुळशीबाईंनी भरून गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तुळशीबाई. वैदेहीला भरवणाऱ्या, निजवणाऱ्या, चाटवणाऱ्या, तीट लावणाऱ्या, पापी घेणाऱ्या. मॅडम चाक फिरवत होत्या आणि खालून नव्या तुळशीबाई येतच होत्या. प्राचीला वाटलं, जमिनीत जिरून जावं. पण हॉल तिसऱ्या मजल्यावर होता, जिरून दुसऱ्या मजल्यावरच पोचली असती.

आणि काय घडलं? बायकांच्या तोंडून एक सामुदायिक 'अय्या' निघालं. किती गोड! सुनेने सासूचे एवढे फोटो? आमची सून वाढदिवसालासुद्धा काढत नाही, असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, आमची काढते, पण मला कापून. प्रत्येक चित्राखाली नाव होतं, पण जागा अपुरी म्हणून सुरुवातीचं तेवढं 'आई' दिसत होतं आणि पुढे नुसत्या टिंबांची रांग. आई टिंब टिंब. आई टिंब टिंब. देवाचा जप लिहावा तसं!

तुळशीबाई पडद्याकडे बघत राहिल्या होत्या. मग त्यांनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"लग्नाच्या फोटूत होतू तेवडीच," त्या शेजारच्या मीनलला म्हणाल्या. "त्यातबी घुंगट होता. त्याच्यामागारी माजा एकलीचा फोटू कोनी काडलाच नाय गो."

मग त्या उठल्या, वैदेहीला खाली बसवलं, पडद्यापाशी गेल्या आणि एकेका चित्रावर बोट ठेवून सांगू लागल्या. ही मी मध चाटवतंय. ही वैदू झोपली, मंग मी पंखा लावला. ह्या वक्ताला तिना सर्दी होती, पन हसत होती बग कशी. प्राची बाजूला उभी होती. पुराव्यातला आरोपी स्वतः प्रत्येक गुन्हा कौतुकाने वर्णन करून सांगत होता, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. लाज वाटायची तर प्राचीला इतकी वाटत होती की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. पण लाजेच्या तळाशी, खोटं कशाला बोला, थोडीशी सुटकासुद्धा होती. वाचलो, असं तिचं एक मन म्हणत होतं. फोटो दिसले, नावं नाही दिसली. बरणी दिसली, लेबल नाही.

तिने घाईघाईने जाहीर केलं की वेळ फार झाला, टर्मिनलचं पुन्हा कधीतरी, आता तिळगूळ घेऊया.

आणि तिला अडवलं ते तुळशीबाईंनीच.

"असा कसा?" त्या म्हणाल्या. "तुजी बाजू झाली. माज्या पोराचीबी दाखव. तो काय अडानी हाय?"

हॉलला हे फार आवडलं. सासू असावी तर अशी, सुनेचं कौतुक करावं आणि मुलाचीही बाजू सोडू नये. प्राचीने सांगून पाहिलं की टर्मिनल फार रुक्ष असतं, बायकांना कंटाळा येईल. मॅडमनी चष्मा वर केला आणि चाळीस पोरांच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तुलना करायची तर धडा एकच पाहिजे, पद्धती दोन. फुलं नकोत. हेच फोल्डर उघडा. म्हणजे कशात काय कसं दिसतं ते सगळ्यांना कळेल.

न्याय्य बोलणं होतं. न्याय्य बोलण्याला उत्तर नसतं. प्राचीने मॅडमकडून लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि काळा पडदा उघडला. तिने एकदा वायरकडे पाहिलं, ओढावी का म्हणून; पण वायरीवर वैदेही बसली होती, आणि वैदेहीला वायरीवर बसू द्यायचं नाही या नियमाचं भान आज पहिल्यांदाच प्राचीला राहिलं नव्हतं. 

चित्रं गेली. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. डब्यांची फळी. जागा ऐसपैस होती. प्रत्येक नाव शेवटपर्यंत दिसत होतं.

काही माणसांना समोर अक्षरं आली की ती मोठ्याने वाचल्याशिवाय राहवत नाही. मॅडमनी तीस-पस्तीस वर्षं हेच केलं होतं. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्यांनी पहिल्यांदा अडखळत वाचली, मग लय सापडली, मग अर्थाकडे लक्ष न देता त्या कविता म्हणाव्या तशा वाचत गेल्या.

"आई... वाटी न उकळता. आई बोट पदराला पुसून तूप. आई मध चाटवला, नाही सांगितलं तरी. आई सर्दी असून पापी. आई तीट पुन्हा. आई तीट पुन्हा दोन..."

पहिल्या दोन नावांना कोणीतरी हसलं. तिसऱ्याला हसू थांबलं. मॅडमच्याही लक्षात आलं असावं, पण वाक्य अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटचं नाव त्यांनी हळू वाचलं.

"आई खोटं बोलली, दूध उकळलं म्हणाली."

मीनल आपल्या बांगड्या मोजत होती. 

तुळशीबाई अजून पडद्यापाशीच उभ्या होत्या. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, जिथे मघाशी त्यांची चित्रं होती. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बाकीचा खरा हाय. दूध उकललेलं व्हतं."

एवढंच. मग त्या आपल्या जागी गेल्या, कारण कार्यक्रमात पुढे तिळगूळ होता, आणि वयाने मोठ्या म्हणून तो त्यांच्या हातून वाटायचा असं आधीच ठरलं होतं. त्यांनी ताट उचललं. रांगेने सगळ्यांना लाडू दिले, प्रत्येकीला म्हणाल्या, तिळगूळ घ्या, गोड बोला. मॅडमना म्हणाल्या. मीनलला म्हणाल्या. वॉचमनच्या बायकोला म्हणाल्या. प्राचीपाशी आल्या, तिच्या तळहातावर लाडू ठेवला आणि काही न बोलता पुढे गेल्या.

तो लाडू प्राचीने तसाच मुठीत धरून घरी आणला. मूठ उघडली तेव्हा त्याचं चिक्कीत रूपांतर झालं होतं.

जाता जाता मंडळाने मतदान तेवढं उरकलं. एकजात सगळे हात टर्मिनलसाठी वर झाले. त्यात कसं, सगळं नीट वाचायला मिळतं, असं म्हणे त्यांचं मत पडलं.

घरी दार उघडायलाच दिपेश उभा होता. त्याला सोसायटीच्या ग्रुपवर निकाल तेवढा कळला होता.

"काय मॅडम," तो म्हणाला, "लेबल कोण वाचतं?"

प्राचीने त्याला बाजूला सारून बाथरूमचं दार लावून घेतलं. बाहेरून त्याचा आवाज येत होता. आपलं टर्मिनल बायकांना एवढं का आवडलं, हे तो आईला विचारत होता. त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते नंतर प्राचीलाच सांगावं लागलं, आणि पूर्ण ऐकून झाल्यावर दिपेशने इतकंच विचारलं, की तू आईचे फोटो काढत होतीस तेव्हा वैदेहीला कोण बघत होतं?

तुळशीबाई बघत होत्या. 

रविवारी सकाळी प्राची उठली ती भांड्यांच्या आवाजाने. स्वयंपाकघरात तुळशीबाई मोठ्या पातेल्यात वाट्या उकळत होत्या. वाट्या, चमचे, बूच, खुळखुळा, आणि का कोण जाणे, किसणीसुद्धा. प्राचीने मदत करू का विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दुपारी त्यांच्या पलंगावर त्यांची जांभूळची पिशवी उघडी दिसली आणि प्राची दारातच थांबली. उद्या सोमवार. आणि सोमवार राहू दे बाजूला. आपल्यामुळे एक म्हातारी बाई पिशवी भरून बसने परत जाणार, आणि ज्या भाजीवाल्याला तिने अभिमानाने सांगितलं होतं त्याच्या समोरून जाणार, हे चित्र तिला बघवेना.

ती लॅपटॉप घेऊन आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. काय काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं, डॉक्टर काय म्हणतात, पुस्तकात काय लिहिलंय, आपल्याला भीती कशी वाटते. त्यातलं काहीच आलं नाही. "आई, चुकलं माझं," एवढंच आलं. मग रडू आलं. नंतर तिने ते फोल्डर उघडलं आणि म्हणाली, की तुमच्यासमोर सगळं पुसते, एकही ठेवत नाही.

तुळशीबाईंनी तिचा हात धरला.

"फोटू कशाला पुसतंस? त्यांनी काय केलाय? नावा पुस."

नावं पुसायची तर एकेक करून संध्याकाळ झाली असती. प्राचीने माऊस हातात घेतला, एक नाव बदललं, दुसरं बदललं, आणि तिसऱ्याला येईपर्यंत तिला प्रत्येक नाव पुन्हा वाचावं लागत होतं, तेही तुळशीबाईंच्या मांडीला मांडी लावून. ती शिक्षा तिला सोसवेना. तिने मुकाट्याने दिपेशला हाक मारली. दिपेशने काळा पडदा उघडला, एक ओळ लिहिली, एक बटण दाबलं, आणि सगळी नावं एका फटक्यात गेली. तो काही बोलला नाही. पांगुळगाड्याचं तर अजिबात बोलला नाही. नवरा म्हणून हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा संयम असावा.

"आता मी सांगतंय ती नावा लिव," तुळशीबाई म्हणाल्या. "देवनागरीत लिव. मना वाचाला पायजे."

मग त्या सांगत गेल्या आणि प्राची लिहीत गेली. वैदू हसली. वैदूने कान ओढला. वैदूला दात आला. दुधाच्या फोटोपाशी त्या थांबल्या. प्राचीने तो फोटो काढला होता कारण दुधावर साय नव्हती. उकळलं असतं तर साय आली असती, हा तिचा शास्त्रशुद्ध मुद्दा.

"साय मी काडली व्हती," तुळशीबाई म्हणाल्या. "पोराला पचाची नाय म्हनून. साखर घालून तुना दिली. तू खाल्लीस."

प्राचीला ती साय आठवली. चांगली होती. तिने वाटी चाटून पुसून खाल्ली होती, न उकळलेली वाटी.

तिने पिशवीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, की मग तुम्ही जांभूळला जाणार का? तुळशीबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. पिशवी त्यांनी रिकामी करायला काढली होती. उद्यापासून इथेच राहायचं तर कपडे कपाटात नकोत का? जागा मात्र कर, त्या म्हणाल्या, तुजा सगला कपाट पोरीच्या औषदांनी भरलाय.

प्राचीचा जीव भांड्यात पडला. उकळलेल्या. तिने डोळे पुसले, नाक पुसलं, पदर नसल्यामुळे ओढणीला बोटं पुसली आणि त्याच बोटांनी वैदेहीचा गाल कुरवाळला. तुळशीबाईंनी ते पाहिलं. उशीखालून आपला फोन काढला, चष्मा नाकावर सरकवला, आणि बराच वेळ बोटाने वर-खाली करून एक फोटो शोधला.

"माज्याकरंबी एक हाय," त्या म्हणाल्या. "मना नावा देता येत नाय. तू दे."

प्राचीने फोन हातात घेतला. फोटोत दुपारचं ऊन होतं. सोफ्यावर प्राची झोपली होती, तोंड उघडं, एका हातात थर्मामीटर, मांडीवर बालसंगोपनाचं पुस्तक. आणि खाली फरशीवर, तिच्या पायाशी, वैदेही बसली होती. मोठ्या आनंदाने, दोन्ही हातांत धरून, प्राचीची बाहेरची चप्पल चोखत.

मागून दिपेश वाकून बघत होता. त्याच्या हसण्याचा आवाज आला आणि मग त्याने तो खोकल्यात बदलला.

"आई," प्राची म्हणाली, "हा तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर नाही ना टाकला?"

"अजून नाय," तुळशीबाई म्हणाल्या. त्यांनी वैदेहीला उचललं, तिच्या गालाला नवी तीट लावली आणि ती नीट बसली का ते लांबून पाहिलं. "आदी नाव तर सांग."